समोरच्याची ओळख पटली नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! आठ महिने दादाच्या घरी सोफ्यावर झोपून काढल्यावर आज गळ्यात ओळखपत्र पडलं. इतका हरखलो की जेवतानाही ते काढलं नाही आणि सुपात बुडवलं. स्वयंपाकीण हसली, म्हणाली पहिल्याच दिवशी सगळ्यांना आपली चव दाखवलीत. त्याच आनंदात ही वही सुरू करतोय.

जागा झकास आहे. संस्था वृद्धांची. तीन मजली पांढरी इमारत, पुढे हिरवळ, मागे बंद पडलेली दगडखाण. तळमजल्यावर ऑफिस, स्वयंपाकघर, सर्व्हरची खोली आणि तिला लागून माझी राहायची खोली. खाट, टेबल, कपाट आणि एक खिडकी, जी खरंच उघडते. वरचे दोन मजले राहणाऱ्यांचे. बासष्ट जण आहेत, सगळ्यांची मुलं लांब आणि कामात बुडालेली. मोबाईलची रेंज फाटकाशीच संपते. आत फक्त संस्थेचं वायफाय. बुधवारी संस्थेची गाडी गावात जाते, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध.

संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या असतील. आवाज मऊ, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय. त्यांनी काम समजावून सांगितलं. वर प्रत्येक खोलीत भिंतीवर एक टॅब आहे. मुलांच्या फोनवर संस्थेचं ॲप आहे. मुलं रविवारी ॲप उघडतात आणि आईवडिलांना बघतात, बोलतात. पण गेल्या महिन्यापासून चाळीसेक फोनवर एकच ओळ येते: ‘समोरच्याची ओळख पटली नाही. कनेक्शन बंद केले.’ मुलं चिडलीत. ही ओळ घालवायची, एवढंच काम. आधीचा माणूस अर्ध्यावर सोडून गेला म्हणे.

मला हे काम मनापासून आवडतं. दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी एकमेकांची ओळख विचारतात. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पुढे करतो, फोन बघतो की त्यावर सही कुणाची. सही करणारा विश्वासातला असेल तर दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग बोलणं सुरू. याला हँडशेक म्हणायचं. सही अनोळखी निघाली तर फोन सरळ तोंड फिरवतो. फोन भिडस्त नसतो. त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चाळीसांतले एकोणतीस सुटले! चूक साधीच होती. सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट दाखवत होता, पण त्यावर सही करणाऱ्याचं दाखवतच नव्हता. जुन्या फोनांना तो सही करणारा आधीपासून माहीत होता. नवे फोन विचारायचे, हा कोण बुवा? मधली कडी जोडून दिली आणि दुपारपर्यंत नकारांची रांग ओसरली. राहिले अकरा. त्यांचं दुखणं काही वेगळंच दिसतंय.

ताईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. घरी कोण कोण असतं विचारलं. आई दादाकडे असते म्हटलं. वहिनीला तिचं करणं जड जातं हेही बोलून गेलो. ताई म्हणाल्या, घेऊन या की त्यांना. एक खोली रिकामी झाली आहे. कर्मचाऱ्यांच्या आईला इथे काही द्यावं लागत नाही.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आनंद आला आणि मग आई आली. आईच्या जिभेला धार आहे. माझी नोकरी गेली तेव्हा ती म्हणाली होती, इतके दिवस ठेवला होता हेच नवल. दादाच्या घरात ती आणि वहिनी एका खोलीत असल्या की भांडीसुद्धा जपून वाजायची.

रविवार, १० नोव्हेंबर

दादाशी बोललो. त्याने आईला विचारलं. आई स्पष्ट नको म्हणाली. पण ती नको म्हणत होती तेव्हा वहिनीने माळ्यावरून बॅग काढून पुसायला घेतली होती, ती मला पडद्यावर मागे दिसत होती. दादा म्हणाला, तिथे तू आहेस, काळजी कसली. मीही म्हटलं, काळजी कसली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आई आली. प्रवासाने दमली होती तरी हिरवळ बघून म्हणाली, एवढं पाणी गवताला घालतात, माणसांना काय घालतात ते बघू. वरच्या मजल्यांची नर्स खाली आली. उंच, अबोल बाई, बुटांचा अजिबात आवाज न करणारी. तिने सांगितलं की नव्या माणसाला पंधरा दिवस वेगळं ठेवतात, संसर्ग नको म्हणून. आणि तळमजल्यावरच्या कुणालाच वर यायची परवानगी नाही. बोलायचं ते टॅबवरून.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आईने लिफ्टच्या दारात माझी बाही धरली. रोज येशील ना वर, असं विचारलं. नर्स बघत होती. मी हो म्हटलं. लिफ्टला आतून बटण नाही, नर्सच्या कार्डावर चालते.

आईची खोली एकतीस नंबर. मी खाली आलो आणि तिचा टॅब सर्व्हरला जोडून दिला. पहिल्या फटक्यात हँडशेक झाला. दादाच्या फोनवरही ॲप घालायला लावलं, संस्थेचं सर्टिफिकेट विश्वासाचं म्हणून नोंदवायला लावलं. सगळं सुरळीत.

शनिवार, १६ नोव्हेंबर

रोज दुपारी आईशी बोलतो. ती माझ्या डोक्यावर दोन मजले आहे आणि मी तिला काचेत बघतो, गंमतच. तक्रारी चालू आहेत. गादीला खड्डा आहे. चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. नर्स दिवसातून दोनदा समोर खुर्ची टाकून बसवते आणि भलतंसलतं विचारते. लहानपणी कुठे राहत होतात, मुलांना काय म्हणून हाक मारता, हसा बघू, रागवा बघू. आई म्हणाली, मी काय स्थळ म्हणून आलेय का इथे? मी हसलो. करमणूक करत असतील, म्हटलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

अकरा फोनांचं कोडं सुटलं, आणि सुटायला नको होतं असं वाटतंय.

मी सर्व्हरवर बसवलेल्या सर्टिफिकेटचा क्रमांक मला पाठ आहे. त्या अकरा जणांतल्या एकीने, सत्तावीस नंबरच्या आजींच्या मुलीने, तिच्या नव्या फोनवर दिसणाऱ्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. क्रमांक वेगळा. म्हणजे तिचा फोन माझ्या सर्व्हरशी बोलतच नव्हता. मध्ये कुणीतरी उभं होतं, सर्व्हरचं नाव सांगून, स्वतःच सही केलेलं ओळखपत्र दाखवून. ज्यांच्या फोनवर संस्थेचं सर्टिफिकेट विश्वासाचं म्हणून नोंदलेलं होतं ते फोन फसत होते. हे अकरा फसत नव्हते. मी ज्यांना बिघडलेले समजत होतो तेच तेवढे शहाणे होते.

वायर धरत गेलो. सर्व्हरच्या कपाटामागे, फडताळात, एक राखाडी डबा. सगळे फोन आधी त्याच्याकडे येतात, मग तो पुढे काय द्यायचं ते देतो.

ताईंकडे गेलो. वाटलं चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाल्या, म्हातारी माणसं कडू बोलतात हो. एकच गोष्ट दहादा सांगतात, खोकतात, मध्येच रडतात. मुलं आठवड्यातून एकदा बघतात आणि आठवडाभर हळहळतात. तो डबा बोलणं जरा नीटनेटकं करतो, एवढंच. खोकला गाळतो. तुम्ही फोटो काढताना केस सारखे करत नाही का?

मी मान हलवली. अकरा घरांना पत्र पाठवलं: खालील सर्टिफिकेट फोनमध्ये विश्वासाचं म्हणून नोंदवा, अडचण दूर होईल. खाली माझी सही.

रविवार, २४ नोव्हेंबर

दहा घरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. दहाही फोन चालू. सत्तावीस नंबरवाली मुलगी तेवढी अडून आहे. लिहिते, माझा फोन नको म्हणतोय तर मी जबरदस्ती का करू? शाळेत शिकवते म्हणे, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड असणार.

आई रमली! तीन दिवसांपासून एक तक्रार नाही. आज म्हणाली, तू किती केलंस रे माझ्यासाठी. म्हणाली, तुझी नोकरी गेली तेव्हा मी लागेल असं बोलले, ते मनात ठेवू नकोस. चाळीस वर्षांत तिने मला असं काही म्हटलं नव्हतं. दादाशीही छान बोलली. वहिनीची साडी तिला आवडली म्हणे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो. वरची ताटं लिफ्टमध्ये ठेवत होते. उगाच मोजली. एकोणीस. मी विचारलं, बाकीची नंतर जातात का? स्वयंपाकीण म्हणाली, एवढीच जातात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की वरच्यांची भूक कमी असते, आणि खालच्यांनी जास्त चौकशा करू नयेत.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज टॅबची नोंदवही उघडली. मुलांचे फोन नाही, वरच्या खोल्यांतले टॅब. प्रत्येक टॅब दर वेळी सर्व्हरशी हँडशेक करतो आणि त्याची वेळ नोंदली जाते. त्यात खोटं लिहायला कुणाला सुचलं नाही.

सत्तावीस नंबरच्या टॅबचा शेवटचा हँडशेक जुलैत. चौदाचा मार्चमध्ये. नऊचा गेल्या वर्षी. अशा त्रेचाळीस खोल्या. आणि त्या त्रेचाळीस खोल्यांतली माणसं परवाच्या रविवारी मुलांशी तासतासभर बोलली.

एकतीसचा शेवटचा हँडशेक बुधवारी, वीस तारखेला, सकाळी ११.४०.

मी आईशी काल वीस मिनिटं बोललो.

परत लावला. ती आली. उजेडात बसलेली, केस विंचरलेले. मी म्हटलं, आई, मला एक शिवी दे. ती हसली. म्हणाली, तुझ्यासारख्या गुणी मुलाला कशाला शिवी देऊ?

बुधवार, २७ नोव्हेंबर

गाडीने गावात गेलो. डॉक्टरला दाखवायचंय म्हणून सांगितलं. रेंज आल्या आल्या सत्तावीस नंबरच्या मुलीला फोन लावला, दुकानाच्या पायरीवर बसून. सगळं सांगितलं. तिचा फोन बदलायच्या आधी चार महिने ती ज्या आईशी बोलत होती ती आई नव्हती, हेही.

मग तिने विचारलं, आई आहे का? मला माहीत नाही म्हटलं. मग तिने सांगितलं की तिचं लग्न मोडलं तेव्हापासून आई तिच्याशी धड बोलत नव्हती. अकरा वर्षं. ऑगस्टमध्ये आई पहिल्यांदा म्हणाली, त्यात तुझी काही चूक नव्हती बाळा. तेही खोटं का?

मी म्हटलं, तेही.

ती रडली. मग नाक पुसून, वर्गात बोलावं तशा आवाजात तिने विचारलं:

“ते सर्टिफिकेट फोनमध्ये कसं घालायचं, एकदा नीट सांगता का?”

मी फोन ठेवला. दादाला लावला. दादा म्हणाला, अरे कालच आईशी बोललो, ठणठणीत आहे, तू बरी चाललेली नोकरी घालवू नकोस. मागून वहिनीने विचारलं, काय म्हणतोय? दादा म्हणाला, काही नाही, त्याचं नेहमीचं.

पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग त्याने ताईंना व्हिडिओ कॉल केला. ताई म्हणाल्या, त्यांच्या आईंशीच बोला ना. हवालदाराने पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला. आई हसली. नमस्कार केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, साहेब, नोकरी गेल्यापासून त्याचं मन थाऱ्यावर नाही, लेकरू आहे माझं, त्याला ओरडू नका. पदराने डोळे टिपले.

हवालदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, अशी आई मिळायला नशीब लागतं. संस्थेच्या गाडीपर्यंत तो स्वतः सोडायला आला. दार त्यानेच लावलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

ताई रागावल्या नाहीत. हात हातात घेतला. पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. आईला भेटायचंय ना तुला, मग जा की वर, असं म्हणाल्या. लिफ्ट उघडीच होती. नर्स आत उभी होती.

फोन काढून घेतला. वही बनियनच्या आत आहे.

शुक्रवार

आई जिवंत आहे.

एवढंच आधी लिहितो. जिवंत आहे. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. पंधरा दिवसांत अर्धी झालीय. मनगटं लहान मुलीची असावीत तशी. भिंतीवर टॅबच्या जागी चार भोकं. मला बघून म्हणाली, आलास होय, मेल्या. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तर म्हणाली, बाजूला हो, ओझं होतंय.

इथे कुणी कुणाला मारत नाही. मारहाण नाही, आरडाओरड नाही. नुसतं देत नाहीत. ज्याचा चेहरा, आवाज, बोलायची ढब डब्याला पुरती शिकवून झाली त्याचा टॅब जातो. मग औषधं. मग दूध. मग ताटात जे येतं ते रोज थोडं कमी. आईची रक्तदाबाची गोळी वीस तारखेपासून बंद आहे.

सत्तावीसचं दार उघडं होतं. गादी गुंडाळलेली. खिडकीतून खाण दिसते.

शनिवार

नर्सने समोर खुर्ची टाकली. हसा बघू. रागवा बघू. मी तोंड उघडलं नाही. ती म्हणाली, तसंही फारसं उरलेलं नाही, दादाशी बोललास ते सगळं डब्यात आहेच. उगाच एकदोन हसू कमी पडतायत.

मी हसलो नाही.

संध्याकाळी आईला पाणी आलं नाही.

मी हसलो.

सोमवार असावा

दार आतून उघडत नाही. खिडकीला गज. शेजारच्या खोलीतले एक आजोबा भिंतीवर टिचकी मारतात, मी परत मारतो. काल तीन मारायचे. आज एक.

आई झोपेत वहिनीशी भांडते. जागी असली की माझ्याशी. म्हणते, तूच आणलंस. मी हो म्हणतो. मग म्हणते, जवळ बस, थंडी वाजते. मी बसतो.

बुधवार?

टिचक्या नाहीत.

६ डिसेंबर — तारीख ताईंच्या लॅपटॉपवर बघितली

ताई आल्या. लॅपटॉप घेऊन. दादाने नवा फोन घेतलाय. नवा फोन नको म्हणतोय — समोरच्याची ओळख पटली नाही. दोनदा झालं. दादाने लिहिलंय, कनेक्शन होत नाही, रविवारी मुलांना घेऊन प्रत्यक्षच येतो.

प्रत्यक्ष.

ताई म्हणाल्या, कर दुरुस्त. कायमचं कर, एकेका फोनच्या मागे कोण लागणार? आईला दूध मिळेल. गोळी पण. नर्सच्या हातात कप होता, वाफ येत होती. आईने वास घेतला आणि उठून बसली. तीन दिवस ती उठली नव्हती.

मला येतं. डबा सापडला त्या दिवसापासून येतं, बोललो नव्हतो. डब्याने घरची सही वापरायचीच कशाला? नाव संस्थेचं आहे, तर त्या नावावर जगातल्या कुठल्याही फोनला चालणारी सही रीतसर मागून घेता येते. अर्ध्या तासाचं काम. मग कुठलाच फोन कधीच नको म्हणणार नाही. सत्तावीसवालीचासुद्धा नाही.

आणि दुसरंही येतं. डब्याचं घड्याळ दहा वर्षं मागे लावायचं, सर्टिफिकेटवर तो त्याच घड्याळाची तारीख टाकतो. एक आकडा. सगळी सर्टिफिकेटं बाद, बासष्ट घरांचे फोन एकदम तोंड फिरवतील. बासष्ट घरं चिडतील. त्यातले दोघे तरी गाडीत बसून येतील. दादा येईल.

बोट त्या आकड्यावर होतं. ताईंना कळत नव्हतं मी काय बघतोय ते.

दादा रविवारी येणार. रविवारला दोन दिवस.

आई म्हणाली, दे ना रे.

तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दे ना रे, म्हणाली, आणि कपाकडे हात केला — बोटं अशी वाकडी —

मी सही मागवली. आली. बसवली.

त्याच दिवशी

आई दूध प्यायली. ओठांवर साय. गोळी दिली.

ताईंनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला, चालतंय का बघ म्हणाल्या. दादा दिसला. नवा फोन, स्वच्छ चित्र. आणि त्याच्याशी मी बोलत होतो. हिरवळीवर, दाढी केलेली, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, दादा, सॉरी, त्या दिवशी काहीतरीच बोललो, डोकं फिरलं होतं माझं. दादा म्हणाला, अरे चालतं. मी त्याच्या धाकटीच्या परीक्षेचं विचारलं. मला तिची परीक्षा आहे हे माहीतही नव्हतं. मग आई बाजूला येऊन बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दादाने वहिनीला हाक मारली, बघ गं, दोघं कसे मजेत आहेत. मग म्हणाला, मग रविवारी एवढ्या लांब येत नाही आता, उगाच मुलांची दगदग.

मी ओरडलो. लॅपटॉपवरून आमच्या बाजूचा आवाज जात नाही.

आई बघत होती. कप मांडीवर धरून, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाली:

“हा बरा बोलतो. तुझ्यापेक्षा.”

ताईंनी लॅपटॉप मिटला. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सगळी यादी तपासली, आता एकही फोन नकार देत नाही. फार छान काम केलंस. आता तुला काहीच त्रास द्यायचा नाही.

शनिवार

दादा येणार नाही.

सकाळी काही आलं नाही. ना ताट, ना गोळी.

आई विचारते, दूध?

दुपार

नर्स आली. बूट वाजत नाहीत, एकदम दारातच दिसते. वाटलं दूध आणलं. तिने खिडकीतला पाण्याचा जग उचलला. निम्मा भरलेला होता. मी विचारलं, भरून आणताय ना? तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, कुणासा—